राखणीचा वाटा

हुरड्याचे दिवस आले की आमच्या घरात मला हुरडा कुणी विचारत नाही. पोटाला सोसत नाही, असं मी फार पूर्वीच सांगून ठेवलंय. सून बिचारी त्या दिवशी माझ्यासाठी वेगळा मऊ भात टाकते. माझं पोट या वयातही ठणठणीत आहे. सोसत नाही ते दुसरंच काही, आणि ते सांगायची हिंमत मला कधी झाली नाही. आज लिहायला बसलोय तेही घरात कुणी नाही म्हणून.

सगळे मंठाळकडच्या एका शेतावर गेलेत. मुलाच्या ऑफिसातली मंडळी, त्यांच्या बायका, पोरं, सतरंज्या, तिळाची चटणी, गुळाच्या ढेपी, असा सगळा सरंजाम. निघताना मुलगा म्हणाला की एक दिवस तरी माणसानं साधं जगावं, मातीत बसावं, आपल्या हातानं भाजून खावं. मी बरं म्हणालो. बोलणार काय? त्याच्या वयाचा असताना मी याहून मोठमोठी वाक्यं बोललोय. मैलूरच्या आमच्या सध्याच्या घरामागं अजून एक जोंधळ्याचा तुकडा शिल्लक आहे. थंडीत सकाळी तिथं कुणीतरी पाखरांवर पत्र्याचा डबा बडवतं. तो आवाज सुरू झाला की मी खिडकी लावून घेतो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे. संतपूरच्या पुढं आमचं गाव. काळी जमीन, जोंधळा आणि तूर, घरी खाऊन-पिऊन सुखी. वडलांना आम्ही अप्पा म्हणायचो, आईला अव्वा. मी हैदराबादेत कॉलेजात होतो. शिकायचं उर्दूतून, घरी बोलायचं मराठी, गल्लीत कानडी, आणि वाचायचं इंग्रजी, अशी आमची तऱ्हा. त्या वर्षी एका प्राध्यापकांनी मला परदेशातल्या काही जुन्या विचारवंतांचे निबंध दिले. माणसानं दुसऱ्याच्या टेकूवर उभं राहू नये. आपल्या मनाचा कौल मानावा. गरजा कमी कराव्यात, रानात जाऊन राहावं, झाडापानांत जे कळतं ते पोथ्यांत कळत नाही. वाचून मी अक्षरशः पेटलो. बोर्डिंगातली खोली, खानसाम्यानं वाढलेलं ताट, धोब्यानं आणून दिलेला सदरा, सगळ्यांची लाज वाटायला लागली. लाज वाटणं बरोबरच होतं. फक्त ती भलत्या ठिकाणी वाटत होती, हे कळायला मला एक सुगी जावी लागली.

येळवशीला मी गावी आलो. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला घरात कुणी राहत नाही. सगळं गाव शेतात. जोंधळ्याच्या ताटांची कोपी बांधायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आंबिलाचा डेरा पुजायचा, आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचं. भज्जीचा तो वास, हिरवी तूर, हरभरा, वाटाणा, लसूण एका भांड्यात रटरटायचा. तसला वास पुन्हा कुठं आला नाही. जेवणं झाल्यावर सगळे घरी निघाले, आणि मी कोपीच्या दारात बसून जाहीर केलं की मी घरी येणार नाही. सुगी होईपर्यंत इथंच राहणार. माझं पाणी मी आणीन, माझी भाकरी मी थापीन, शेत मी राखीन.

अप्पा आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की पोरगं खरंच बोलतंय. ते म्हणाले, राखणीला तर लचमाक्का असते.

लचमाक्का आमच्या गावची विधवा बाई. जोंधळ्याला दाणा भरायला लागला की काढणीपर्यंत आमच्या शेतात माळ्यावर उभी राहायची. माळा म्हणजे चार मेढी रोवून वर बांधलेली माचोळी. हातात गोफण, कमरेला खड्यांची ओटी. कितीतरी वर्षं हे चाललेलं. त्याबद्दल तिला खळ्यावर राखणीचा वाटा मिळायचा, आणि त्या जोंधळ्यावर तिचं पुढचं पावसाळ्यापर्यंतचं भागायचं. त्या वर्षी तर तिची लेक रतना पहिल्या बाळंतपणाला येणार होती. सातवा लागला की संक्रांतीनंतर आणायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. अव्वानं मी आल्या आल्या ते सांगितलं होतं.

अप्पा म्हणाले, "मग तिला येऊ नको म्हनून सांगावं लागंल."

"सांगा," मी म्हणालो.

एवढा एकच शब्द. तो बोलताना मला किती थोर वाटत होतं! दुसऱ्याचे कष्ट मी नाकारत होतो ना! एका बाईला माझ्यासाठी थंडीत उभं राहावं लागणार नाही, असंसुद्धा मी मनात म्हटलं. ती खाणार काय, हा विचार त्या सगळ्या तत्त्वज्ञानाला कुठं शिवला नाही. मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं, कितीतरी ढ मुलं पाहिली, पण त्या संध्याकाळच्या माझ्याइतका ढ मुलगा मला वर्गात भेटला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. मला वाटलं भांडायला आली असेल, म्हणून मी दोन वाक्यं तयार ठेवली होती. तिनं गोफण माझ्या हातात दिली, बोटात फास कसा अडकवायचा ते दाखवलं, आणि भोरड्या पाखरांचे थवे कुठल्या बाजूनं उतरतात ते सांगितलं. तांबडं फुटायच्या आधी उभं राहा, म्हणाली, एकदा थवा बसला की मग उठत नाही. मी तिला थांबवून म्हणालो की माझं मी शिकेन, निसर्ग शिकवतो. ती मग व्हय व्हय म्हणाली आणि गेली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं. ती वही माझ्याकडं अजून आहे. जाळायची हिंमतही झाली नाही.

खोटं कशाला बोलू, ते दिवस सुंदर होते. हेच तर सगळ्यात वाईट आहे. सकाळी जोंधळ्याच्या पानांवरून दहिवर ठिबकायचं आणि मधून चाललं की बाह्या भिजून जायच्या, पानांच्या कडांनी दंडावर बारीक रेघा उठायच्या. हरभऱ्यातून गेलं की पोटऱ्यांना पानांवरची खारट आंब लागून चुरचुरायचं. बांधाकडेला जवसाची निळी फुलं दुपारपर्यंत उघडी असायची, मग मिटायची. दुपारी वारा सुटला की अख्खं शेत एका अंगावर व्हायचं आणि परत उभं राहायचं. मी कोपीत उताणा पडून ते ऐकायचो. भाकऱ्या मला जमल्या नाहीत. कच्च्या, करपलेल्या, कडा फाटलेल्या अशा काहीतरी व्हायच्या आणि मी त्या मोठ्या अभिमानानं चटणीबरोबर खायचो. एक घोंगडी, एक तवा, एक घागर, दोन पुस्तकं. आपल्याला आता कशाची गरज नाही, असं वाटायचं. घोंगडी धनगरानं विणलेली, तवा लोहारानं घडवलेला, घागर कुंभाराची, पीठ अव्वानं पहाटे जात्यावर दळून पाठवलेलं. हे आज मोजतोय. तेव्हा पीठ पिठासारखं दिसायचं, त्यामागं कुणी दिसायचं नाही.

आणि मला पहाटे जाग यायची नाही. एकदाही नाही. रात्री कंदिलापाशी वाचत बसायचो आणि डोळे उघडायचे ते ऊन कोपीत आल्यावर. धडपडत उठून माळ्यावर चढायचो तर शेत शांत. शेजारच्या शेतात भोरड्यांचा काळा ढग उतरलेला, तिथल्या राखणदाराची ओरडून ओरडून पुरेवाट, आणि आमचं एक कणीस दुखावलेलं नाही. मी चार-दोन खडे भिरकवायचो आणि खाली उतरायचो. त्यावर मी काय लिहिलं असेल? लिहिलं की जो माणूस लोभ सोडून राहतो त्याला पाखरंसुद्धा ओळखतात. दोन पानं लिहिलं. पुढं ते कॉलेजच्या मासिकात छापून आलं आणि प्राध्यापकांनी भर वर्गात माझी पाठ थोपटली. आजही ते वाक्य आठवलं की एकटा असलो तरी मी कानकोंडा होतो.

माझ्याच हातच्या कच्च्या भाकरीनं माझं पोट बिघडलं, म्हणून मला कळलं. पोटात कळ येऊन मी पहाटेच उठलो. पूर्वेला नुकतं फटफटत होतं. बाहेर आलो तर गोफणीचा फटकारा ऐकू आला. एक, मग थोड्या वेळानं दुसरा. ओरडणं नाही, हाळी नाही. जोंधळ्याच्या ताटांतून पुढं जाऊन पाहिलं तर पलीकडच्या बांधावर लचमाक्का उभी. डोक्यावरून घोंगडं, पायाला आंब लागू नये म्हणून चिंध्या गुंडाळलेल्या. थवा उतरायला आला की ती खडा सोडायची, थवा वळायचा, आणि ती मुकाट दुसऱ्या टोकाकडं चालायला लागायची. राखणदार ओरडतातच, निम्मं काम ओरडण्यानं होतं. ती ओरडत नव्हती. का, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. कोपीत मी झोपलो होतो.

त्या क्षणी काय करायला हवं होतं, ते पाचवीतलं पोरही सांगेल. पुढं जायचं, तिचा हात धरायचा, म्हणायचं, लचमाक्का, चुकलो, चढा माळ्यावर. मी काय केलं? पाऊल न वाजवता मागं फिरलो, कोपीत गेलो आणि घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. झोप काही आली नाही. ऊन आत आल्यावर, रोजच्यासारखं, आळस देत बाहेर आलो. ती गेलेली होती.

मग रोज तेच. आता मला रोज पहाटे जाग यायची. डोळे मिटून पडायचो आणि तो फटकारा ऐकत राहायचो. थंडी अशी की घोंगडीतही हातपाय आखडायचे. उद्या नक्की उठेन, असं रोज ठरवायचो. उठलो असतो तर दोघांनाही एकमेकांकडं बघावं लागलं असतं, आणि मग वहीतलं सगळं खोटं ठरलं असतं. वही वाचवण्यासाठी मी तिला काढणीपर्यंत थंडीत उभं केलं. ती का येत होती, हे मी तिला कधी विचारलं नाही. इतकी वर्षं राखलेलं शेत डोळ्यांदेखत पाखरांनी खाल्लेलं तिला बघवलं नसेल. का मनात कुठं तरी वाट्याची आशा असेल. दोन्ही असेल. गरिबानं एकाच कारणासाठी चांगलं वागावं, असा काही नियम नाही.

काढणीच्या आदल्या दिवशी अव्वा शेतात आली. कणसं हातात धरून धरून पाहत बांधाबांधानं फिरली. मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "एक चोच लागली न्हाई रे. इतकं चांगलं राखनं नव्या मानसाला जमत नस्तंय." आणि थांबली. मी बोलेन म्हणून थांबली, हे मला तेव्हाही कळलं. मी जवसाची बोंडं चुरगळत उभा राहिलो.

खळ्याचा दिवस मी विसरू म्हणून विसरत नाही. सारवलेलं खळं, मेढीभोवती फिरणारे बैल, मग वावडीच्या उंच तिवईवर उभं राहून उपणणी, आणि मधोमध पांढरीशुभ्र रास. आमच्याकडं रास मोडायच्या आधी एक रीत असते. घरात एक दाणा जाण्याआधी मालकानं राशीपुढं उभं राहून मोठ्यानं विचारायचं, शेत कुणी राखलं? ज्यानं राखलं असेल त्यानं मी म्हणून पुढं यायचं, पदर पसरायचा, आणि पहिलं सूप त्याच्या पदरात पडायचं. मग त्याचं पोतं भरायचं. मालकाचा पहिला मान नाही, देवाचासुद्धा नंतर. कुणाच्या हातापायांनी हे घरापर्यंत आलं ते चारचौघांत बोलायचं, एवढाच त्या रीतीचा अर्थ. ते मोठमोठे निबंध वाचून मला जे कळायला हवं होतं ते आमच्या खळ्यावर दरवर्षी अप्पा एका वाक्यात विचारत होते.

खळ्यावर गडीमाणसं होती, शेजारीपाजारी होते. लचमाक्का कडेला बायकांत उभी होती. तिच्या काखेत रिकाम्या पोत्याची घडी होती. ती मी पाहिली.

अप्पांनी सूप भरलं आणि विचारलं, "शेत कुनी राखलं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कुणीतरी कौतुकानं हसलं, हैदराबादचं पोरगं, शाबास. एक नाव घ्यायचं होतं, चार अक्षरांचं.

"मी," मी म्हणालो.

अप्पांनी क्षणभर सूप तसंच धरलं. मग माझ्या धोतराच्या सोग्यात ओतलं. उन्हानं तापलेले जोंधळे, त्यांची ऊब मांडीला लागली. मी वर पाहिलं तेव्हा लचमाक्का वाकून खळ्याच्या कडेला पडलेली गोंडरं, थोडा दाणा राहिलेली कणसं, गोळा करत होती, झाडलोटीला आलेल्या बाईसारखी. पुष्कळ वर्षांनी, अगदी शेवटच्या आजारपणात, अप्पा मला म्हणाले की मला ठावं होतं ते. तुझ्या तोंडानं तिचं नाव यावं म्हणून विचारलं होतं. मी म्हणालो, मग तुम्हीच का नाही दिलंत? ते म्हणाले की दिलं असतं तर तिला मिळालं असतं, पण तुझं काय झालं असतं? आणि भिंतीकडं तोंड करून पडले. त्यांचंही चुकलंच, असं मला वाटतं. मला धडा शिकवण्याच्या नादात त्यांनीही तिचं पोतं रिकामं जाऊ दिलं. पण माझ्या तोंडी ते बोलणं शोभत नाही.

राखणीचं म्हणून माझ्या नावानं भरलेलं पोतं तिच्या घरी पोचवायचं, हे मी त्याच संध्याकाळी ठरवलं. पण काय म्हणून द्यायचं? तुमचंच आहे म्हणावं तर सगळं कबूल करावं लागेल. माझ्याकडून भेट म्हणावं तर चोरानं दान केल्यासारखं. या शब्दांच्या जुळवाजुळवीत तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पोतं खांद्यावर घेऊन, हो, गडी न घेता, स्वतःच्या खांद्यावर घेऊन तिच्या दारात गेलो तर कडीला सुतळी बांधलेली. शेजारीण म्हणाली, मायलेकी काल शहाबादकडं गेल्या, फरशीच्या खाणीवर काम लागतं म्हणे. रतनाला आठवा लागलेला होता. जावई कुठं हैदराबादकडं मजुरीला, सासरी परत धाडायची सोय नाही. घरी ठेवून खायला काय घालणार, म्हणून बरोबर नेली, असं शेजारणीनं सांगितलं. तिनं मागितलं असतं तर गावानं दिलं असतं. पण ती बाई कधी कुणाकडं मागणाऱ्यातली नव्हती. मी पुस्तकात वाचलेलं ते ती जगत होती, आणि तिच्याजवळ कंदील नव्हता की वही नव्हती.

पोतं घेऊन मी घरी आलो. अव्वानं ते कोठीत रिकामं केलं. पुढचे काही दिवस त्याच जोंधळ्याच्या भाकऱ्या मी खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. मग हैदराबादला गेलो, परीक्षा दिली, पास झालो.

पुढच्या वर्षी, जोंधळा पोटऱ्यात, कणीस अजून बाहेर पडायचं असताना, सुटीवर आलो तेव्हा अव्वानं सांगितलं की लचमाक्का आलीय, एकटीच. रतनाचं लेकरू तिथं खाणीवरच झालं, पत्र्याच्या शेडात, ऐन उन्हाळ्यात. चार दिवसांचं होऊन गेलं. रतना तिकडंच राहिली, नवऱ्याला बोलावून घेऊन. इथं झालं असतं तरी ते लेकरू जगलंच असतं असं कुणी सांगावं? त्या काळी कितीतरी जात होती. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते मला पाठ आलंय, पण खरं वाटत नाही.

मी त्याच दिवशी तिच्या घरी गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवत नव्हतो, एवढं तरी शिकलो होतो. पाय धरायचे आणि जे तोंडाला येईल ते बोलायचं. ती ओटा सारवत होती. वाळली होती. फरशी घासून घासून बोटांची टोकं पांढुरकी झालेली. मला बघून ती गडबडीनं उठली, शेणाचे हात पाठीमागं घेतले, आणि बसा म्हणाली. मी बसलो नाही. लचमाक्का, मी म्हणालो, आणि पुढचा शब्द येईना.

मी कशासाठी आलोय ते आपल्याला कळलं, असं तिला वाटलं. तिचा चेहरा पडला. वर्षभर ती त्याच भीतीत असली पाहिजे. शेणानं भरलेले दोन्ही हात तिनं माझ्यापुढं जोडले.

"धाकले मालक," ती म्हणाली, "यंदाबी राखन तुमीच करायलाव, का मी येऊ?"

या, मी म्हणालो. तेवढंच म्हणालो. तिनं दोनदा, तीनदा पदर डोळ्याला लावला, देव तुमचं भलं करो म्हणाली, आणि मी तो आशीर्वाद घेऊन घरी आलो.